भरलेली दहाचाकी घाटातून उतरवताना ब्रेक का जातात, आणि हे शिकायचे कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षे पिकअप चालवली, आता हेवी लायसन्स झाले, चाकण ते कळंबोली भरलेली दहाचाकी चालवायची नोकरी मिळाली आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी रिकामी होती आणि रस्ता सपाट. शेठ म्हणतात, उतारावर न्यूट्रल केली की डिझेल वाचते. सोबतचे चालक म्हणतात, ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरायचे. तुम्ही विचारता की बोर घाटात ब्रेक गेले तर काय करायचे, आणि घाटासाठी वेगळे प्रशिक्षण मिळते का.

ब्रेक गेल्यावर काय करायचे ते पुढे लिहितो. पण तोपर्यंत चालकाच्या हातात फार थोडे उरलेले असते. खरा प्रश्न त्याच्या अर्धा तास आधीचा आहे: उतार सुरू होण्यापूर्वी गाडी कोणत्या गिअरमध्ये, किती वेगात आणि कोणत्या अवस्थेत होती? पाइप फुटून हवा गेली, ब्रेकमधला रबरी पडदा (डायफ्राम) फाटला, असेही घडते. पण धडधाकट गाडीचे ब्रेक नुसते तापून निकामी होणे हे बहुतांशी चालकाच्या पद्धतीवर ठरते, आणि ते शिकवता येते. मी नव्या हेवी चालकांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला देतो.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. गाडी बीएस-४ की बीएस-६, नुसता एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी धरणारा) आहे की रिटार्डरही (लायनर न घासता वेग उतरवणारे वेगळे यंत्र), गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, माल स्टीलच्या कॉइल की हलकी खोकी, यावर गिअर आणि वेगाचे आकडे बदलतात. खाली दिलेले आकडे २८ टनांच्या आसपास भरलेली, हाताच्या गिअरची, एक्झॉस्ट ब्रेक असलेली दहाचाकी धरून आहेत. तुमच्या गाडीचे मॅन्युअल वेगळे सांगत असेल तर मॅन्युअलचेच ऐका.

आता ब्रेक का जातात ते बघू. खंडाळ्याच्या माथ्यावरून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. २८ टन वजन एवढे खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात ४०० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. थोडा भाग टायर आणि वारा खातात. बाकीची सगळी उष्णता इंजिनाने घ्यायची किंवा ब्रेकच्या ड्रमने (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याने), तिसरे ठिकाण नाही. गाडी न्यूट्रल केली की इंजिन वाटणीतून बाहेर पडते आणि सगळा भार ड्रमवर येतो.

वेगाचा संबंध इथे येतो. कितीही सावकाश उतरलात तरी एकूण उष्णता तेवढीच असते, पण ती किती वेळात तयार होते ते बदलते. दहा किलोमीटरचा उतार धरा. ६० च्या वेगाने तो दहा मिनिटांत संपतो, ३० च्या वेगाने वीस मिनिटांत. दुप्पट वेळ म्हणजे मिनिटाला निम्मी उष्णता, आणि ड्रमला वाऱ्यावर निवायलाही दुप्पट अवधी. शिवाय खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडी मागे ओढून धरते, त्यामुळे ब्रेकच्या वाट्याला उरतेच थोडे. ६० ने येणारी गाडी थांबवायला ४० च्या गाडीपेक्षा सव्वादोन पट ऊर्जा शोषावी लागते, तीही आधीच तापलेल्या ड्रमने.

ड्रम तापला की दोन गोष्टी एकदम बिघडतात. साधारण ३०० अंशांच्या पुढे लायनरची (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांची) पकड घटत जाते. आणि लोखंडी ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो. त्याला गाठायला ब्रेक चेंबरचा (हवेच्या जोराने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचा) दांडा जास्त बाहेर यावा लागतो, पण त्या दांड्याच्या धावेला हद्द आहे. स्लॅक अ‍ॅडजस्टर (दांडा आणि ब्रेक यांना जोडणारी, ढिलेपणा कसायची तरफ; पुढे नुसते ‘स्लॅक’) आधीच ढिला असेल तर ती हद्द गार असतानाच जवळजवळ संपलेली असते. अशी गाडी चाकणच्या रस्त्यावर व्यवस्थित थांबते, सिग्नलला थांबते, टोलला थांबते, आणि घाटाच्या मध्यावर थांबत नाही. ‘सकाळी तर ब्रेक चांगले होते’ असे चालक सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

पिकअपवरून येणाऱ्या माणसासाठी एक धोका वेगळा आहे. पिकअपला ऑइलचे ब्रेक असतात. ते तापले की पेडल मऊ लागते, खाली जाते आणि पायाला कळते. दहाचाकीला हवेचे ब्रेक. तिथे पाय फक्त एक व्हॉल्व्ह उघडतो. लायनर तापून गुळगुळीत झाले तरी पेडल पायाला नेहमीसारखेच लागते. गाडी कमी थांबते आहे हे तुम्हाला स्पीडोमीटरवरून, वासावरून आणि ‘मघाशी एवढ्या दाबात वेग उतरला होता, आता का नाही’ या तुलनेवरूनच कळते. ही तुलना सतत मनात चालू ठेवणे हे घाटातल्या चालकाचे निम्मे काम आहे. शिवाय हवा चेंबरपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. ६० च्या वेगाला तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. पिकअपच्या सवयीने जिथे ब्रेक माराल, तिथे दहाचाकीला उशीर झालेला असेल.

आता शेठच्या डिझेलबद्दल. हल्लीच्या कॉमन रेल (संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणेच बंद करतात. उतारावर चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केली की इंजिनाला स्वतःच्या जिवावर आयडलिंग करावे लागते आणि त्याला डिझेल लागते. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा डिझेल वाचवत नाही, जाळतो, वर लायनर आणि टायर घासतो ते वेगळेच. अगदी सौम्य उतारावर, जिथे खालच्या गिअरमध्ये गाडी ओढली जाऊन पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे वरचा गिअर टाकून गाडी वाहू द्यावी. ती तडजोड बरोबर आहे, पण तीही गिअरमध्ये राहूनच. काही जण न्यूट्रल करून इंजिनही बंद करतात. तेव्हा पॉवर स्टिअरिंग जड होते आणि कॉम्प्रेसर थांबल्यामुळे वापरलेली हवा परत भरत नाही. असे कोणी शिकवत असेल तर त्याच्या शेजारी बसून शिकू नका.

न्यूट्रलची सवय खऱ्या घाटापेक्षा लांब आणि सौम्य उतारावर जास्त घात करते. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार बघा. अवघड वळणे नाहीत, दरी नाही, रस्ता रुंद, त्यामुळे चालक सैल होतो. गाडी न्यूट्रलमध्ये वेग घेत राहते, आणि खाली पोचते तेव्हा समोर शहरातली थांबलेली वाहने असतात. घाटातला चालक निदान घाबरलेला असतो. कळंबोलीला जाताना हा उतार तुम्हाला लागणार नाही, पण साताऱ्याकडून येताना कधी तरी लागेलच.

मग उतरायचे कसे? गिअर उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच्या सपाट तुकड्यावर पाडायचा. जुने चालक सांगतात, ‘ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतर.’ जुन्या कमी ताकदीच्या गाड्यांना हा नियम चपखल होता. आताची इंजिने ताकदवान आहेत, तीच गाडी वरच्या गिअरमध्ये चढून जाते, आणि आतले घर्षण कमी असल्याने पाय काढल्यावर पूर्वीइतकी धरूनही ठेवत नाहीत. म्हणून मी चढाच्या गिअरपेक्षा एक गिअर खाली सांगतो. भरलेली गाडी चौथ्यात चढली असेल तर तिसऱ्यात उतरवा. वेग किती ठेवायचा ते यावरूनच ठरते: त्या गिअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेक लावून, पायाचा ब्रेक अधूनमधूनच लागेल, तो तुमचा वेग. भरलेल्या दहाचाकीला तीव्र उतारावर तो बहुधा २५ ते ३० येतो. बोर्डावरची मर्यादा ही वरची हद्द आहे, तिथपर्यंत पोचलेच पाहिजे असे नाही.

‘आधीच’ यावर एवढा जोर का? उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर पडत नाही. क्लच दाबला, गिअर काढला, खालचा घालायला गेलात की दाते करकरतात आणि आत जात नाहीत. वरचा परत घालावा म्हटले तर तोपर्यंत गाडीने आणखी वेग घेतलेला असतो. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. घाटात गाडी सुटण्याचा हा अगदी नेहमीचा क्रम आहे, आणि त्याची सुरुवात ‘जरा पुढे जाऊन गिअर पाडू’ या विचाराने होते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर माथ्यावर मॅन्युअल मोडमध्ये टाकून गिअर धरून ठेवा, नाहीतर ती स्वतःहून वरचा गिअर घेऊ शकते.

एक्झॉस्ट ब्रेक चढ्या आरपीएमला चांगला धरतो. हजाराच्या आसपास तो नावापुरता असतो. म्हणून इंजिनाचा आवाज वाढला तर घाबरून वरचा गिअर टाकू नका, तो आवाज म्हणजे इंजिन तुमचे काम करते आहे. मात्र टॅकोमीटरची लाल पट्टी ही हद्द आहे. उतारावर चाकेच इंजिन फिरवत असल्याने गव्हर्नर (डिझेल कमी करून इंजिनाचा वेग आवरणारा भाग) त्याला रोखू शकत नाही, आणि लाल पट्टीत गेल्यास व्हॉल्व्हचे नुकसान होऊ शकते. काटा लाल पट्टीकडे सरकू लागला की लगेच पायाचा ब्रेक.

पायाचा ब्रेक कसा मारायचा यावर चालकांत फार वाद असतात. ठरवलेला वेग ३० आहे असे समजा. काटा ३० ला पोचला की ब्रेक ठामपणे दाबा, गाडी २२ च्या आसपास आणा, आणि पाय पूर्ण काढा. याला साधारण तीन सेकंद लागतात. गाडी पुन्हा हळूहळू ३० ला येईल, पुन्हा तेच करा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो.

तुमचे सोबती सांगतात तसा हलका पाय ठेवून उतरणे वरवर सौम्य वाटते, पण हलक्या दाबात सगळी चाके सारखी धरत नाहीत. ज्या चाकाचा स्लॅक घट्ट आहे ते आधी धरते, बाकीची नुसती फिरतात. म्हणजे २८ टन दोन-तीन ड्रमवर येतात. ते तापून गेले की दुसऱ्यांवर, मग तिसऱ्यांवर. दुसरी चूक म्हणजे पंप मारल्यासारखा ब्रेक भराभर दाबत-सोडत राहणे. हवेच्या ब्रेकमध्ये प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. आरपीएम कमी असेल तर कॉम्प्रेसर ती तितक्या वेगाने भरून काढत नाही, आणि गेजचा काटा खाली येऊ लागतो. ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा. एबीएस असलेल्या गाडीलाही हेच लागू आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण तापलेल्या लायनरला पकड परत देत नाही.

तीन ब्रेकमध्येच वेग २२ ऐवजी २६ वर येऊन थांबू लागला, किंवा तेवढाच वेग उतरवायला पाय जास्त दाबावा लागला, तर गाडी तुम्हाला सांगते आहे. जळका, कडवट वास ही त्यापुढची पायरी. आरशात चाकाजवळ धूर दिसला तर वेळ संपत आली आहे. या तिन्हीपैकी पहिल्याच खुणेला सुरक्षित जागा बघून थांबायचे. खाली गेल्यावर बघू, असे नाही.

पाऊस आणि रिकामी गाडी, या दोन बाबतींत वरचे थोडे बदलते. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचे ऑइल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. एक्झॉस्ट ब्रेक फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांवर काम करतो. गाडी रिकामी असेल, मागे वजन नसेल, तर तीच चाके घसरू शकतात. अशा वेळी वेग आधीच कमी करा, एक्झॉस्ट ब्रेक वळणाच्या मध्यावर लावू नका, सरळ रस्त्यावर लावून घ्या. धुक्यात हॅझार्ड लाइट लावून पळत राहण्यापेक्षा वेग कमी करणे महत्त्वाचे. पुढच्या गाडीपासून कोरड्यात चार-पाच सेकंद, पावसात सहा. एखादी कार मध्ये घुसली की अंतर पुन्हा वाढवून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

वळणाआधीच वेग उतरवलेला हवा, वळणात नाही. उंच भरलेल्या गाडीला वळणावर बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ऐवजी ५० ने घेतले तर तो दीडपटीहून जास्त होतो. जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळाच्या बाजूने उतरायची वेळ आली तर तिथल्या अवघड वळणांवर हे फार जपा. पिकअपच्या मानाने दहाचाकीची मागची चाके वळणात बरीच आतून जातात, त्यामुळे डाव्या वळणावर डाव्या आरशात बघा. तिथे दुचाकीवाला शिरलेला असतो, आणि केबिनच्या डाव्या कोपऱ्याला लागून असलेला माणूस नुसत्या काचेतून दिसत नाही.

घाटाआधीची तपासणी. एक्सप्रेसवेवर रस्त्याच्या कडेला थांबून ती करायची नाही. घाटाच्या अलीकडे ट्रक थांब्यावर किंवा पंपावर आत घ्या. चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ब्रेकची तपासणी करायची. ठोकळ्यांशिवाय गाडीखाली जाऊ नका.

हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक गाड्यांत ती ७-८ बारच्या आसपास असते. इंजिन बंद करा, ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरा. काटा पहिल्या दाबाला थोडा उतरेल तो सोडून द्या, त्यानंतरच्या मिनिटात ०.२ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरला तर कुठेतरी गळती आहे, कान देऊन फुसफुस शोधा. मग चावी चालू ठेवून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा आणि हवा कमी झाल्यावर बझर वाजतो का बघा. कटकट होते म्हणून बझरची वायर काढलेली गाडी हातात आली तर ती आधी जोडून घ्या, मग निघा.

स्लॅकची तपासणी नव्या चालकाला कोणी दाखवत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. हँडब्रेक सुटलेला असताना चेंबरचा दांडा जिथे स्लॅकला जोडला आहे तिथे हाताने जोरात ओढून बघा. तो साधारण एक इंचापेक्षा जास्त हलला तर स्लॅक ढिला आहे. प्रत्येक चाकाला बघा, कारण धोका सगळे ढिले असण्याइतकाच असमान असण्यातही आहे. हाताने कसायचा स्लॅक असेल तर मेकॅनिककडून एकदा नीट शिकून घ्या. आपोआप कसला जाणारा असेल आणि तरीही ढिला सापडत असेल, तर पाना घालून कसून पुढे जाऊ नका. त्यात दुसरा काही दोष आहे, तो गॅरेजलाच निघेल; वरून कसलेला स्लॅक दोन दिवसांत परत ढिला होतो आणि मधल्या काळात चालकाला खोटा भरवसा देतो.

याशिवाय हवेच्या टाकीतले पाणी रोज सोडायचे. पावसाळ्यात ते जास्त जमते. पाणी साठले की हवेला जागा कमी पडते आणि व्हॉल्व्ह गंजतात. जोडटायरच्या मध्ये दगड अडकलेला नाही, दोन्ही टायर सारखे भरलेले आहेत, चाकाच्या नटांभोवती गंजाचे ओघळ नाहीत, दोर आणि ताडपत्री घट्ट आहे, हे फेरी मारताना दिसतेच. सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे, क्लीनर सोबत असेल तर दहा.

आता तुमचा मूळ प्रश्न: तरीही ब्रेक गेले तर? प्रथम, गिअर काढू नका आणि चावी बंद करू नका. जो गिअर आहे तो धरून ठेवा, एक्झॉस्ट ब्रेक लावा. हेडलाइट, हॅझार्ड आणि हॉर्न एकदम चालू करा, पुढच्यांना बाजूला व्हायला तेवढाच वेळ मिळतो. मग हवेच्या गेजकडे बघा. हवा असून गाडी थांबत नसेल तर ब्रेक तापले आहेत. हँडब्रेकची स्प्रिंगही त्याच तापलेल्या ड्रमवर लायनर दाबते, त्यामुळे तिच्याकडून फार आशा नको, पण लावायची, एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने. हवाच गेली असेल तर ठराविक दाबाखाली त्या स्प्रिंगा आपोआप लागतात, कधी अचानक आणि वळणातही. म्हणून बझर वाजला की लगेच कडेला घ्यायची, काटा शून्याला जायची वाट बघायची नाही.

वेग वाढतच असेल तर निर्णय लवकर घ्यावा लागतो, कारण प्रत्येक सेकंदाला पर्याय कमी होतात. वाळू-खडीचा सुटकेचा चढ असेल तर तोच पहिला पर्याय, गाडी खराब होईल याचा विचार न करता. नसेल तर डोंगराची बाजू. कठड्याला किंवा डोंगराच्या भिंतीला अगदी निमुळत्या कोनात गाडी घासत न्यायची, समोरून धडकवायची नाही. मऊ माती, झुडपे, गवताचा बांध, जे मिळेल ते. दरीची बाजू कधीच नाही. चालत्या गाडीतून उडी मारायची नाही. सीटबेल्ट लावलेला चालक केबिनमध्ये जास्त सुरक्षित असतो, आणि त्याच्या हातात निदान स्टिअरिंग तरी असते. गाडी थांबली की ११२ ला फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

सुखरूप उतरलात तरी खोपोलीत पोचताच चहाला थांबून हँडब्रेक ओढायचा नाही. एक-दोन किलोमीटर सपाट रस्त्यावर हळू चालवून ड्रमला वारा लागू द्या. मग सपाट जागी थांबा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा, ठोकळे लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड लोखंडाला तडा जातो. गाडी थांबल्यानंतरही ड्रमची उष्णता ग्रीस आणि टायरपर्यंत पोचत राहते आणि तेव्हाच पेट घेऊ शकते, म्हणून पहिली काही मिनिटे अग्निशामक हाताशी ठेवून चाकांवर लक्ष ठेवा.

झोपेबद्दल थोडक्यात. मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) आणि तो दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगत असे. शेठच्या वेळापत्रकात हे बसत नसेल तर तिथे बोलावे लागेल. पहाटे दोन ते पाच या वेळात भरलेली गाडी घाटातून उतरवायची पाळी शक्यतो घेऊ नका. डोळा चार सेकंद मिटला तर ६० च्या वेगाला गाडी ६५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालकाशिवाय जाते. चहाने झोप जात नाही, पुढे ढकलली जाते. सुरक्षित जागी वीस मिनिटांची डुलकी खरी उपयोगी.

राहिले प्रशिक्षण. हेवीसाठी नियमाप्रमाणे स्कूलचा अभ्यासक्रम ३० दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवण्याचे निदान १५ तास असा आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा नवा नियम आला. तिथे हेवीसाठी सहा आठवड्यांत ३८ तास आहेत, आणि सिम्युलेटर व ट्रॅक बंधनकारक आहेत. पुण्यात भोसरी–नाशिक फाटा भागात सीआयआरटी (केंद्रीय रस्ते परिवहन संस्था) आणि तिची आयडीटीआर ही चालक प्रशिक्षण संस्था, ही त्यासाठीची जुनी जागा आहे. लायसन्स झालेल्यांसाठी कोणता उजळणी वर्ग चालू आहे ते तिथे जाऊन विचारा. कोणत्याही केंद्रात चार प्रश्न विचारा: भरलेली गाडी चालवायला देता का, हवेच्या ब्रेकचे भाग उघडून दाखवता का, स्लॅक तपासायला हाताने करून घेता का, आणि खऱ्या उतारावर नेता का. शेवटच्याला ‘नाही’ आले तरी पहिली तीन मिळाली तर फी सत्कारणी लागली म्हणेन.

उताराचा सराव मात्र नोकरीवरच होणार, आणि त्याचा क्रम शेठशी आधी ठरवून घ्या. पहिल्या काही खेपा अनुभवी चालकाच्या शेजारी बसून. नुसते बसायचे नाही, तो कुठे कोणता गिअर पाडतो, किती वेळा ब्रेकला पाय लावतो, ते वहीत लिहायचे. मग परतीची रिकामी गाडी तुम्ही चढवायची आणि कोणत्या वळणावर कोणता गिअर लागला ते लिहायचे. पुढे अर्धी भरलेली गाडी दिवसा, कोरड्यात, तो शेजारी असताना उतरवायची. नंतर पूर्ण भरलेली. पाऊस आणि रात्र सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एकाच वेळी नाही.

शेठला डिझेलचे पटवायचे असेल तर वाद न घालता दोन खेपा मोजा: तेवढाच माल, तोच रस्ता, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, एकदाही न्यूट्रल न करता, आणि आधीच्या खेपांच्या डिझेलशी ताडून बघा. सोबत लायनर किती महिन्यांनी बदलले जातात ती नोंद दाखवा. जादा माल भरायचा आग्रह झाला तर कायद्यातला दंड सांगा, २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आणि ड्रमच्या हिशेबात तो प्रत्येक टन किती उष्णता वाढवतो, ते तुम्हाला आता माहीत आहे.

गाडीचे मॉडेल, किती गिअरची आहे, रिटार्डर आहे का आणि स्लॅक हाताचा की आपोआप कसला जाणारा, एवढे लिहिलेत तर गिअर आणि आरपीएमबद्दल आणखी नेमके सांगता येईल.